बुवांचे सुजलेले पाय

“आणि मीठ? मीठ किती घातलंत?”

विश्वंभरने पळीतली आमटी तळहातावर घेतली होती. ती त्याने जिभेला लावली. थोडा थांबला. पुन्हा लावली.

“घातलंच न्हाई,” कोंडाबाई म्हणाल्या. “तुमीच बंद केलंत ना, दादा. आज बारावा दिवस.”

“मग ही खारट कशी लागते?”

“खारट न्हाई, आंबट हाय. चुका घातलाय त्यात.”

विश्वंभरने फडताळातून मिठाची बरणी काढली. बरणीवर त्याने बाहेरून कोळशाची रेघ ओढून ठेवली होती. मीठ रेघेला बरोबर होतं.

तरी त्याचं समाधान झालं नाही.

कोयनेकाठच्या त्या लहानशा मठात निरंजनबुवा तीस वर्षं निरूपण करत होते. कोंडाबाई तिथे बावीस वर्षं रांधत होत्या. विश्वंभर येऊन वर्षच झालं होतं. त्याआधी चार वर्षं तो एका नामांकित वैद्यांकडे शिकला होता, आणि ते शिक्षण त्याच्या बोलण्यातून कधी दूर होत नसे.

लोक ताटावर बसले की तो बोलू लागे. ज्या दुधीचा देठ कडू लागेल तो दुधी आख्खा टाकून द्या, तो जीव घेऊ शकतो. बटाटा हिरवा पडला असेल तर खाऊ नका. जायफळ चिमूटभर घेतलं तर झोप लागते, पण आख्खं खाल्लं तर माणूस बरळू लागतो. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणारा मात्र तुमच्या ताज्या पोळीवाल्यापेक्षा सुखी.

तो सांगे ते खोटं नसे. पण ऐकणारे पुढचा घास जरा उशिरा उचलत.

माघात बुवांचा घसा बसला. निरूपण थांबलं. तेव्हा विश्वंभरने ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. आठवड्यात बुवांचा आवाज असा मोकळा झाला की ओसरीवरचं निरूपण रस्त्यावर ऐकू येऊ लागलं. विश्वंभरने काढा चालूच ठेवला.

चैत्र सरता सरता बुवांचे पाय सुजू लागले.

आधी घोट्याला. मग नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहू लागला. ओसरीच्या चार पायऱ्या चढताना मांड्या भरून येत. डोकं दुखे.

“मिठानं होतंय,” विश्वंभर म्हणाला. लोणचं बंद झालं. पापड बंद झाले. मग मीठच बंद झालं.

सूज हटेना.

तेव्हा त्याने बरणीवर रेघ ओढली.

आज रेघ जागच्या जागी होती. म्हणजे कोंडाबाई मीठ बाहेरून आणत असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. दुपारी तो माजघराच्या दाराआड उभा राहिला. कोंडाबाई पदराखाली वाटी झाकून बुवांच्या खोलीकडे निघाल्या. त्याने वाट अडवली.

“काय आहे?”

“पेज हाय.”

“झाकून का नेता?”

“माशा बसत्यात, दादा.”

त्याने वाटी घेतली, बोट बुडवलं, चाटलं. अळणी होती.

कोंडाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती वाटी तिथेच उंबऱ्याशी ठेवली आणि आत जाऊन आपलं लुगडं आणि फणी गाठोड्यात बांधली.

बुवा भिंतीला टेकून बसले होते.

“बुवा, मी लेकीकडं जाते. पहाऱ्यात रांधायला मला येत न्हाई.”

बुवांनी विश्वंभरकडे पाहिलं.

“काय पाहिलंस तू?”

“अजून काही नाही. पण...”

“पण?”

“दुसरं कोण आहे, बुवा? तुमच्या पोटात जे जातं ते सगळं यांच्या हातून जातं.”

कोंडाबाईंनी वाट पाहिली. बुवा काही बोलत नाहीत असं दिसल्यावर त्या पायऱ्या उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून विश्वंभर स्वतः रांधू लागला. तांदूळ स्वतः निवडे, पाणी स्वतः भरे. भाजी देणाऱ्यांना तो देठ मोडून दाखवायला लावी. अळणी भात, अळणी वरण, आणि सकाळ-संध्याकाळ काढा.

दहा दिवस झाले. सूज गुडघ्याला आली.

अकराव्या दिवशी बुवा म्हणाले, “कोल्हापुराला जा. तिथल्या मठात एक पोथी आहे, ती उतरवून आण.”

“आत्ता? तुम्ही असे असताना?”

“पंधरा दिवस लागतील.”

“तुम्हाला जेवू कोण घालणार?”

“बघू.”

विश्वंभर गेला, पण त्याचं मन मठातच होतं. पोथी उतरवताना तीनदा ओळ चुकली. बुवांच्या ताटात कोण काय वाढत असेल, हेच त्याला दिसत राहिलं.

सोळाव्या दिवशी तो परतला. बुवा अंगणात चालत होते. काठी हातात नव्हती.

त्याने पिशवी खाली ठेवली आणि आधी बुवांचे पाय पाहिले. नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला नाही.

स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता.

“आत कोण आहे, बुवा?”

“कोंडाबाई. तू गेलास त्याच दिवशी मी त्यांच्या लेकीच्या घरी जाऊन आलो. बसत उठत गेलो. चूक झाली म्हणालो. दोन दिवसांनी आल्या.”

“आणि तुम्ही काय जेवत होता?”

“त्या वाढतील ते.”

“अळणी?”

“नाही. मीठ घालून. कैरीचं लोणचंही.”

विश्वंभर पायरीवर बसला. तो मनात एकेक पदार्थ मांडू लागला. मीठ सुरू झालं होतं. लोणचं सुरू झालं होतं. रांधणारी तीच होती. मग या पंधरा दिवसांत बंद काय होतं?



“बुवा... काढा?”

“नाही घेतला. करून द्यायला तू नव्हतास.”

“माझ्या गुरूंनी सांगितलं होतं,” तो हळू म्हणाला. “ज्येष्ठमध फार दिवस देऊ नये, अंगात पाणी धरतं. मी ऐकलं होतं. पाठही होतं...”

बुवांनी त्याची पिशवी उचलून ओसरीवर ठेवली.

“तुम्हाला केव्हा शंका आली?”

“कोंडाबाई गेल्यावर दहा दिवसांनी. त्या नव्हत्या, मीठ नव्हतं, आणि पाय वाढतच होते.”

“त्याआधी आलीच नाही?”

“तुझ्यावर शंका घ्यायची सवय नव्हती मला. त्या बाईला जाऊ दिलं ते त्यामुळे. तो दोष माझ्याकडे राहील.”

विश्वंभर उठला. कोनाड्यातला ज्येष्ठमधाचा डबा काढून तो उकिरड्याकडे निघाला.

“कुठे?”

“फेकतो.”

“आवाज कशाने सुटला माझा?”

“...याच्यानेच.”

“मग परत ठेव.”

त्याने डबा परत ठेवला. मग तो स्वयंपाकघरात गेला. कोंडाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाट मांडला, ताट वाढलं, भाकरीवर लोणी ठेवलं. भाजी वाटीतून थेट त्याच्या ताटात ओतली.

“बसा, दादा. लांबनं आलाय.”

तो बसला. त्याने भाकरी मोडली, भाजीला लावली, घास उचलला...

आणि थांबला. या बाईला त्याने चोर ठरवून घालवलं होतं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. तिचा चेहरा दिसत नव्हता. भाजीत काहीतरी काळसर होतं. कारळं असावं. त्याने ते बोटाने हळूच बाजूला सारून पाहिलं.

दाराशी सावली पडली. बुवा उभे होते. त्यांनी ताटाकडे पाहिलं, अधांतरी राहिलेल्या घासाकडे पाहिलं.

“विश्वंभर, त्या डब्याला लागलेला हात धुऊन बसलास ना?”