पन्नीघरातला वेल

“परित्राण पाठ झाडासाठी होतो का, भंते?”

विचारणारे रंगारी सर होते, म्हणून माझ्या हातातला झाडू थांबला.

प्राध्यापक हेमकृष्ण रंगारी. तीस वर्षं त्यांनी कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, मला दोनदा नापास केलं, आणि गंडेदोरे बांधणाऱ्यांची भर सभेत सालटी काढली. विहारात यायचे ते बुद्धपौर्णिमेला, तेही भाषण द्यायला. खाली बसून वंदन करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आज ते जानेवारीच्या गार फरशीवर गुडघे टेकून बसले होते.

भंते उपसेन उन्हाकडे पाठ करून बसलेले. चीवर घेण्याआधी ते तुमसरच्या रस्त्यावर पंक्चर काढायचे. शिक्षण चौथी. सर त्यांच्या माघारी त्यांना ‘पंक्चरवाले भंते’ म्हणत, आणि हे भंतेंना माहीत होतं.

“होतो ना,” भंते म्हणाले.

“फायदा होतो?”

“माणसांच्या रक्षणासाठी बी करतो आपण, सर. तरी माणसं मरतातच.”

सरांनी मान खाली घातली. एरवी या वाक्यावर त्यांनी अर्धा तास घेतला असता.

“कोणतं झाड आहे?”

“पोपटाचा वेल. वेणूनं लावलेला...”

आमच्या भंडाऱ्याकडे वालाला पोपट म्हणतात. हिवाळ्यात त्याच्या शेंगांची भाजी होत नाही असं घर नाही. एका वालाच्या वेलापायी एवढा मोठा माणूस गुडघ्यांवर आला, हे पाहून दुसऱ्या कोणाला हसू आलं असतं. मला नाही आलं. सरांच्या बायकोच्या, वेणूबाईंच्या हातची ती भाजी मी खाल्ली होती.

भंते उठले. पाण्याचा कलश आणि पांढऱ्या सुताची गुंडी त्यांनी माझ्याकडे दिली आणि माझ्या स्कूटरवर मागं बसले.

सरांच्या घरामागं सांदवाडी आहे. वेणूबाई होत्या तोवर तिथं मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, मिरच्या सगळं असायचं. आता सगळी वाडी उजाड होती आणि मधोमध एक प्लास्टिकचं घर उभं होतं. सर त्याला हरितगृह म्हणत. शेजारी पन्नीघर म्हणत.

लोखंडी पाईप, वर दुहेरी पन्नी, दाराला फटी राहू नयेत म्हणून चिकटवलेल्या पट्ट्या. बाई गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे पाहुणे आत बसले होते आणि सर मागं पाईप कापत होते. तेव्हा आम्ही म्हणालो, जाऊ द्या, माणूस दुःखात आहे. ते दुःख असं घर बांधून राहील, असं कोणाला वाटलं नव्हतं.

आत शिरलो तसा माझा चष्मा वाफेनं भरला. बाहेर अंगावर काटा आणि आत श्रावणासारखं दमट. दोन मोठे दिवे भर सकाळी चालू होते.

“दिवे काहून लावले, सर?” भंतेंनी विचारलं.

“रात्री पारा सातवर येतो. सकाळीही लवकर चढत नाही. वेलाला सोसत नाही.”

“वेणूबाई होत्या तेव्हा?”

“तेव्हा बाहेरच होता. मांडवावर.”

दोन्ही हात मागं बांधून भंते वेलाभोवती फिरू लागले. भिक्खूनं हिरवं पान तोडायचं नसतं. भंते तर झाडाजवळ गेले की हातच मागं घेतात.

वेल तारांवर पसरला होता. वरच्या टोकाला थोडी पानं हिरवी होती. खाली नुसत्या काड्या. मुळाशी खोड मनगटाएवढं झालेलं, आणि त्याला उभी भेग गेलेली. भेगेत सरांनी कसलासा लेप भरला होता.

“सगळं करून पाहिलं,” सर म्हणाले. “बुरशीचं औषध झालं. माती बदलली. मुळं तपासली. दोन जागी फाटा जमिनीत दाबून पाहिला, मूळच धरत नाही. आता माझ्याजवळ काही उरलं नाही, भंते.”

“किती वर्षांचा आहे?”

“तिसरा हिवाळा.”

“वाल तीन हिवाळे राहते?”

“राहत नाही. मी ठेवला.”

ते म्हणताना सरांचा आवाज क्षणभर जुना झाला, वर्गातला.

कसा ठेवला, ते मला ठाऊक होतं. त्यांनीच आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं, की असा वेल बी धरण्यासाठी जगतो आणि बी पिकलं की वाळू लागतो. वेणूबाईंचं माहेरचं गाव धरणात गेलं. तिथलं हे बी, जांभळ्या कडेच्या शेंगांचं, बाईंनी राख चोळून चिंधीत जपलं होतं. शेवटच्या पावसाळ्यात चिंधीत तीन दाणे होते. दोन उगवले नाहीत. तिसरा मांडवावर चढला, दिवाळीनंतर त्यानं पहिला तुरा काढला, आणि त्याच आठवड्यात बाई गेल्या.

सरांनी तो तुरा खुडला. मग पुढचा. दोन वर्षांहून जास्त काळ, रोज सकाळी आठच्या सुमाराला, ते एक एक फांदी चाळत आणि दिसली ती कळी नखानं खुडून टाकत. फूल नाही तर शेंग नाही, शेंग नाही तर मरण नाही. शास्त्राला धरूनच होतं सगळं.

“बी किती ठेवलं?” भंतेंनी विचारलं.

सर दिव्याकडे पाहत राहिले.

“सर... बी?”

“नाही.”

“एक दाणा?”

“शेंगच धरू दिली नाही, तर दाणा कुठून येईल?” सर चिडले होते. “धरू दिली असती तर वेल मागच्याच्या मागच्या वर्षी गेला असता. हे शास्त्र आहे, भंते.”

“शास्त्र खरं आहे.”

“मग माझं काय चुकलं?”

“मी कुठं चुकलं म्हणतो?”

पन्नीवरून एक थेंब ओघळून खाली पडला. सर एका उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसले. मोठा, उंच माणूस आहे. बसल्यावर एकदम लहान दिसला.

“मागच्या हिवाळ्यात पारमिता आली होती,” ते म्हणाले.

पारमिता म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. संभाजीनगरला असते.

“एक शेंग मागितली तिनं. म्हणे, बाबा, एवढा एक तुरा राहू द्या, मी तिकडं कुंडीत लावते. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, आई माझीही होती...” सर थांबले. “मी तिचा हात धरून तिला या दारातून बाहेर काढलं. आतून कडी घातली. त्या दिवशीची दुपारची बस पकडून गेली ती.”

“आता बोलता?”

“रविवारी फोन करते. एकच विचारते, वेल कसा आहे. मी म्हणतो, बरा आहे. ती ठेवून देते.”

“आणि आता?”

“आता काय सांगू तिला?” सरांनी भंतेंकडे पाहिलं. “तेवढ्यासाठी आलो मी तुमच्याकडं. मला माहीत आहे पाठानं काही होत नाही. तरी करा. हा गेला तर तिला सांगायला माझ्याजवळ तोंड नाही. ना वेल, ना बी. तिच्या आईचं मी काहीच ठेवलं नाही.”

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. एवढा शिकलेला माणूस. मुलीला एक शेंग देता आली नाही.

भंते उकिडवे बसले. खोडाच्या मागं, विटेच्या आडोशाला, ते बराच वेळ काहीतरी पाहत होते.

“सर, हे काय आहे?”

सरांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं.

बोटभर तुरा होता. जांभळट, मसुरीएवढ्या कळ्यांचा. खालच्या एका काडीतून निघालेला.

“सुटला,” सर हळूच म्हणाले. “माझ्या नजरेतून सुटला हा.”

“राहू द्यायचा?”

सरांचे ओठ हलत होते, हिशेब चालला असावा.

“आठ-दहा दिवसांत फूल. शेंग भरून वाळायला पुढं चाळीस-पंचेचाळीस दिवस. वेलाचं काही सांगता येत नाही. तेवढा टिकला...”

“टिकला तर?”

“तर बी.”

“नाही टिकला तर?”

“तर तसाही चाललाच आहे.”

“राहू द्यायचा, सर?”

दिव्यांची घरघर ऐकू येत होती.

“राहू देतो,” सर म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा पिळवटला. बाई गेल्या तेव्हा न रडलेला माणूस माझ्यासमोर तोंडावर हात घेऊन रडला. “पारमिताला देईन. पहिला दाणा तिला. मी स्वतः घेऊन जाईन.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी तर मनातल्या मनात त्यांना एसटीत बसवूनही दिलं, खिशात चिंधी घेऊन.

भंतेंनी पाठाची तयारी केली. कलश विटेवर ठेवला. सुताचं एक टोक सरांनीच वेलाला बांधलं, इतकं सैल की काडी हललीसुद्धा नाही. सूत कलशाला वेढा घेऊन भंतेंच्या हातात गेलं, तिथून माझ्या आणि शेवटी सरांच्या डाव्या हातात. सर खोडाला लागून बसले होते. तुऱ्याच्या अगदी जवळ, जणू राखण करायला.

“डोळे मिटा,” भंते म्हणाले.

पंक्चर काढणाऱ्या त्या माणसाचा आवाज पाठाला बसला की वेगळाच होतो. जाड, सावकाश, कुठंही न अडखळणारा. वाफाळलेल्या त्या पन्नीघरात तो चारी बाजूंनी आल्यासारखा वाटत होता. सूत माझ्या बोटांत ताणलेलं होतं आणि दुसऱ्या टोकाला सरांचा हात शांत होता. इतका शांत तो हात मी पाहिलाच नव्हता. वर्गात त्यांचे दोन्ही हात सदा नाचत असायचे.

अर्धा तास झाला असेल. पाठ संपला.

“साधु,” भंते म्हणाले.

“साधु,” आम्ही म्हणालो. असं तीनदा.

तिसऱ्या साधूला हात जोडून कपाळाला लावायचे. मी लावले आणि डोळे उघडले. सरांनीही जोडले होते, पण ते छातीशीच थांबले होते. तळहातांच्या मध्ये काहीतरी होतं.

त्यांनी हात उघडले.

तुरा होता.

देठ नखानं खुडलेला, सफाईदार. उजव्या अंगठ्याच्या नखात हिरवा रस. आठचा सुमार होता. सर पाठ ऐकत होते, डोळे मिटलेले होते, आणि हात आपलं रोजचं काम करून आला होता.

“मी... मी नाही,” सर म्हणाले.

त्यांनी तुरा आमच्यापुढं धरला.

“भंते, मी नाही खुडला. मला कळलंच नाही. मी तर राहू देणार होतो... मेश्राम, तू पाहिलंस ना? मी राहू देतो म्हटलं होतं ना?”

“हो सर,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी जे केलं ते मला आजही आठवू नये असं वाटतं. ते पालथे झाले, खोडामागची ती काडी शोधली आणि तुऱ्याचा देठ खुडल्या जागी लावून धरला. बोटांनी घट्ट. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. देठ घसरत होता, आणि ते पुन्हा लावत होते.

भंतेंनी त्यांना थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं सरांनीच हात खाली घेतला. कळ्या मलूल झाल्या होत्या, आणि दुसरा तुरा काढायचा जीव वेलात उरला नव्हता, हे मलाही दिसत होतं. त्यांनी त्या मातीवर ठेवल्या आणि तिथंच बसून राहिले.

“आज रविवार आहे,” ते म्हणाले. “तिचा फोन येईल.”

ते भंतेंकडे वळले.

“काय सांगू तिला, भंते?”

भंते उठले. वेलाला बांधलेलं सूत त्यांनी सोडलं नाही, पाठानंतर शिंपडतात ते पाणीही शिंपडलं नाही. हात पुन्हा मागं बांधून ओल्या मातीतून चालत ते सरांपाशी आले आणि चीवर मातीत लोळत असताना त्यांच्या शेजारी खाली बसले. मागं बांधलेला एक हात पुढं आला आणि सरांच्या खांद्यावर राहिला.

“तिच्या फोनची वाट पाहू नका, सर. तुम्हीच लावा... सांगा, आई आज गेली.”