पोतलीचा हेर आणि सामा म्हातारी

पूर्वी अश्मक देशात, गोदेच्या काठी वसलेल्या पोतली नगरात भद्रसेन राजा राज्य करीत होता. त्या वेळी बोधिसत्त्व हेरांच्या कुळात जन्माला आला आणि वयात आल्यावर राजाचा मुख्य हेर झाला.

हेर म्हटलं की आज आपण आवाज खाली आणतो. तेव्हाच्या पोतलीत उलटंच होतं. राजाचे हेर कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यांच्यातली उप्पला कासारीण दारात आली की बायका हात पुढे करीत आणि तोंडही मोकळं सोडीत.

"सांग तुझ्या राजाला, धान्य मोजणारा त्याचा माणूस मापात अंगठा घालतो."

"सांगते गं बाई. पण हात ढिला सोड, बांगडी पिचेल."

असं गावभरचं बोलणं बोधिसत्त्वापाशी जमा होई आणि अमावास्येच्या सकाळी तो ते राजाला ऐकवी. ऐकवी म्हणजे नुसतं सांगत नसे. ज्याचं बोलणं त्याचाच आवाज काढी. कुंभाराचा घोगरेपणा, धोबिणीचा ठसका, सगळं हुबेहूब. भद्रसेन कधी पोट धरून हसे, कधी मान खाली घालून बसे. कोण बोललं, हे मात्र त्याने जन्मात विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मापातला अंगठा निघालेला असे. राजा आणि गाव एका घरातल्या माणसांसारखे भांडत आणि एका घरातल्यासारखेच नांदत. असे दिवस होते ते.

पुढे भद्रसेन वारला आणि त्याचा मुलगा अजितसेन गादीवर बसला. त्याला नौकाविहाराची हौस. त्याने पाणवठ्याचा घाट आपल्या नौकांसाठी अडवला आणि लोकांना दूरच्या चिखलातून पाणी आणायला लावलं.

घाटाजवळ सामा नावाची म्हातारी लाह्या भाजून विकत असे. तिच्या पुढच्या दातांची जागा रिकामी होती, त्यामुळे बोलताना शीळ वाजे. तिने उप्पलेला भर रस्त्यात थांबवलं.

"सांग त्याला, आमच्या सुनांनी पाणी काय तुझ्या डोळ्यांतून भरायचं? बापाची गादी मिळाली, बापाची अक्कल कुठे सांडली? सगळं सांग गं. एक शब्द गाळलास तर माझ्याशी गाठ आहे."

उप्पलेने शब्द गाळला नाही आणि बोधिसत्त्वानेही नाही. चूक झाली ती इथेच. बापापुढे जसं बोलावं तसंच तो मुलापुढे बोलला, शिळेसकट. त्याला वाटलं, कान तेच असतील.

अजितसेन हसला नाही. "कोण म्हणालं?"

"महाराज, ते विचारायची आपल्याकडे रीत नाही."

"नको सांगू. आवाज तूच दिलास. म्हातारी आहे, दात नाहीत, स म्हटलं की शीळ वाजते. जीभ छाटायला एवढी ओळख पुरे."

शिपायांनी घाटाजवळच्या साऱ्या म्हाताऱ्या राजवाड्याच्या अंगणात आणल्या आणि प्रत्येकीला "सासूबाई" म्हणायला लावलं. दात कुणालाच नव्हते. सगळ्यांच्याच शिळा वाजल्या.

"मेल्या, माझी सासू जाऊन जमाना झाला," एक म्हणाली. "आता तिला कशाला हाक मारायला लावतोस?"

राजा चिडला. "हेरा, यातली कोणती ते दाखव. नाहीतर सगळ्यांच्या जिभा जातील."

बोधिसत्त्वाने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. सामा पदर खोचून पुढे यायला निघाली होती. उद्यापासून या गावात कोणी तोंड उघडणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. आणि ही वेळ आणली होती त्याच्या स्वतःच्या कलेने, ज्या कलेचा त्याला आजवर अभिमान होता. त्याने हात आडवा धरून सामेला थांबवलं.

"महाराज, यांचं बोलणं आपण ऐकलेलं नाही. ऐकलं ते माझ्या तोंडून. छाटायची तर ही जीभ छाटा. आपल्या वडिलांचं शेवटचं बोलणंही तिच्यावर आहे, तेवढं आधी ऐका."

मग तो बोलला तो भद्रसेनाच्या आवाजात. तोच जड, थोडा दमलेला सूर.

"गड्या, नाव सांगू नकोस हं. मीही माणूसच आहे. नाव कळलं की मला त्या माणसाचा राग येईल. आज मी त्याला मारीन आणि उद्यापासून सगळे माझी स्तुती करतील. मग मी या एवढ्या मोठ्या घरात बहिरा होऊन मरेन. माझ्या पोरालाही हे सांग. त्याला राग लवकर येतो."

अंगणातल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावले. त्यांनीही तो आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला होता. अजितसेनाने मान खाली घातली. मग म्हणाला, "यांना घरी पोचवा. जाताना घाटावरून न्या, आणि माझ्या नौका तिथून काढा."

म्हाताऱ्या गेल्यावर तो लहान मुलासारखा बोधिसत्त्वाजवळ आला. "काका, पुन्हा एकदा बाबांच्या आवाजात बोला. पुढच्या अमावास्येलाही त्याच आवाजात सांगा. मी ऐकेन."

बोधिसत्त्वाचं मन कळवळलं. त्यालाही तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. पण तो आपल्या साध्या, सपाट आवाजात म्हणाला, "नाही महाराज. आवाज म्हणजे नावच असतं, हे मला आज कळलं. यापुढे लोकांचं म्हणणं तेवढं आणीन."

त्यानंतर त्याने जन्मभर कोणाचाही आवाज काढला नाही. अमावास्या कोरड्या झाल्या, पण गाव बोलत राहिलं.

विहारात एक भिक्षू इतरांच्या चुका नावानिशी गोळा करीत असे, त्याला शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली. ती सांगून ते म्हणाले, "भिक्षो, तेव्हाचा अजितसेन तू होतास. सामा म्हातारी म्हणजे ती पाहा, दाराशी बसलेली फटकळ थेरी, ती वृद्ध भिक्षुणी. भद्रसेन म्हणजे माझी सेवा करणारा हा वृद्ध भिक्षू. आणि हेर मी होतो." बोलणाऱ्याला झाकून त्याचं दुःख पोचवणं आणि त्यासाठी आपल्या आवडत्या कलेवर पाणी सोडणं, ही बोधिसत्त्वाची मैत्रीपारमिता, म्हणजे मैत्रीच्या गुणाची पूर्णता होय.