अठ्ठ्याण्णव टक्के

“मग बाई, प्रस्तावनेखाली सही करताय ना?”

श्रीरंग दोंदेने विचारलं खरं, पण होकार त्याने धरूनच ठेवला होता. औषधाला दाद न देणारे जंतू कोणकोणती एन्झाइमं बनवतात आणि कोणतं एन्झाइम कोणतं औषध मोडून टाकतं, याचा डेटाबेस त्याने चार वर्षं खपून उभा केला होता. सहा हजार नोंदी, आणि एकही रकाना रिकामा नाही! सोमवारी तो जगभरच्या डॉक्टरांना खुला व्हायचा होता. घोडं अडलं होतं ते फडतरेबाईंच्या सहीपाशी.

मिरजेच्या प्रयोगशाळेत बाईंची चाळीस वर्षं जंतू वाढवण्यात गेली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि एका नोंदीवर बोट ठेवलं.

“याने औषध मोडलं, ते पाहिलं कोणी?”

श्रीरंगला हसू आलं. हे काय विचारणं झालं? शेजारच्या नोंदीशी हे एन्झाइम रचनेत अठ्ठ्याण्णव टक्के जुळतं, म्हणून तिचाच गुण याला लावला, असं त्याने समजावून सांगितलं.

“आणि शेजारच्या नोंदीचं?”

ते तिच्या शेजारच्या नोंदीवरून. आणि ते...

श्रीरंग माग काढत सात नोंदी मागे गेला. पाहिलं कोणीच नव्हतं. सगळा सांगोवांगीचा कारभार.

बाईंनी फ्रीजमधून नेमका तोच जंतू काढला, काचेच्या बशीत पसरला, मधोमध औषधाची टिकली ठेवली आणि श्रीरंगला उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल पडला होता. औषध शाबूत होतं, मेले होते ते जंतू.

श्रीरंगच्या शब्दावर विसंबून एखाद्या डॉक्टरने हे साधं, लागू पडणारं औषध रोग्याला दिलंच नसतं.

न पाहिलेलं सगळं त्याने पुसून काढलं. त्यात सोमवार हुकला, पण त्याला फार दिवसांनी शांत झोप लागली.

“निम्मे रकाने रिकामे झाले, बाई...”

बाईंनी सही केली. मग पदर खोचून त्या बश्या धुवायला उठल्या.

“त्या रिकाम्यांतला पहिला मला दे, पाहून सांगते.”