मेहुण्याची भीती

राजांची नावं अजून कुणी लिहून ठेवत नव्हतं, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐकाच. आणि मुलांच्या मागं उभं राहून, ऐकत नसल्यासारखं दाखवणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त ऐका.

एका उंच कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं. कड्याच्या पोटाला आग्या मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकायची, आणि त्या मधावर गावाचं पोट भरायचं. मध काढणारा कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरे. वर उंबराच्या बुंध्याला दोराचा वेढा असे, आणि दुसरा माणूस तो दोर धरून हळूहळू सोडत असे. खालून एक हिसका आला की सोडायचं, दोन हिसके आले की ओढायचं.

हा दोर कुणी धरायचा, याची गावात एक रीत होती. तो धरायचा उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावानं. बापानं नाही, जिवलग मित्रानंही नाही. जुन्या लोकांनी विचार केला होता, की मित्राशी भांडण होऊ शकतं, भावाभावांत वाटणीवरून बिनसू शकतं, पण आपल्या बहिणीचं कुंकू कुणी आपल्या हातानं पुसणार नाही. रीत शहाणपणाची होती. फक्त ती ठरवताना, दोर धरणाऱ्यालाच भीती वाटली तर काय करायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शहाण्या माणसांचं असं होतं कधीकधी.

दोर धरणाऱ्याला गावात नुसतं मेहुणा म्हणत. आपली गोष्ट अशाच एका मेहुण्याची. अक्का ही त्याची एकुलती एक बहीण. तिचा नवरा, म्हणजे दाजी, गावातला सगळ्यात धाडसी मध काढणारा. मेहुण्याचे हात चांगले होते. दोर त्याच्या हातातून कसा सरकतो ते बघायला म्हातारी माणसं मुद्दाम येऊन बसायची.

एका हंगामात दोर सोडता सोडता एक माशी मेहुण्याच्या पापणीला डसली. त्याचा हात क्षणभर ढिला पडला आणि दोर हातभर सुटला. लगेच त्यानं तो आवळला. खाली दाजीच्या ते लक्षातही आलं नाही. मध भरून तो हसत वर आला, मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली आणि जेवायला गेला.

मेहुणा मात्र जेवला नाही. त्या दिवसापासून त्याची छाती धडधडू लागली ती थांबेचना. बसला तर उठावंसं वाटे, उठला तर कुठं जावं ते कळेना. ताटावर बसलं की हातातून काहीतरी सरकतंय असं वाटून तो मूठ आवळे. झोपेत दोर सुटे. पहाटे डोळा लागला की अक्काचं रडणं ऐकू येई आणि तो दचकून उठे. अक्का तर शेजारच्या घरात चांगली घोरत असे.

सांगणार कुणाला? दाजीला सांगावं तर तो उतरायचा बंद होईल, मग खायचं काय? अक्काला सांगावं तर तिची झोप उडेल. आणि गाव हसेल ते वेगळंच. घाबरट मेहुणा त्या गावानं कधी ऐकलाच नव्हता. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही.

मग एका लग्नात कुणीतरी त्याच्या हातात मोहाच्या दारूचा द्रोण दिला. दोन घोट पोटात गेले आणि छातीतली धडधड थांबली. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे सैल पडले. इतकं सोपं होतं तर, त्याच्या मनात आलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि लहान मुलासारखा झोपला.

पुढं तो दोर धरण्याआधी एक घोट घेऊ लागला. हात स्थिर राहत. पण भीती मोठी लबाड. दारूच्या वेळी ती बाहेर जाऊन बसायची आणि दारू उतरली की आत येऊन दुप्पट जागा मागायची. एका घोटाचे चार झाले. दोर नसलेल्या दिवशीही लागू लागले. सकाळी उठल्याबरोबर हात थरथरत, आणि ते थांबवायला परत तीच. त्याच्या मागोमाग दुसरं दुखणं आलं. त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं. मध गोड लागेना. अक्काचं तान्हं त्याला बघून हात पुढं करी, तर हा भिंतीकडे तोंड करून पडून राही. आपण नसतो तर बरं झालं असतं, असंही त्याच्या मनात येऊन जाई, आणि ते तो कुणाला सांगत नसे.

गावानं काय पाहिलं? गावानं फक्त द्रोण पाहिला. लोक त्याला दारुडा म्हणू लागले. अक्का भांडली, रडली, मडकी फोडली. शेवटी पंचांनी त्याला उंबराखाली बोलावलं.

"दोरावर हात ठेव," पंच म्हणाले. "आजपासून थेंबही घेणार नाही असं बोल."

मेहुण्यानं दोरावर हात ठेवला आणि मनापासून शपथ घेतली. ऐका बरं, मनापासून. त्यानं खरोखरच एकदम सोडली.

दुसऱ्या दिवशी त्याला घामाच्या धारा लागल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीवर माश्याच माश्या दिसू लागल्या आणि तो हात झाडत घरभर पळू लागला. मग डोळे फिरवून धाडकन पडला आणि त्याचं अंग आचके देऊ लागलं. लोक म्हणाले, खोटी शपथ घेतली असणार, दोराचा देव कोपला. अक्कानं कुणाचं ऐकलं नाही. तिनं आणि दाजीनं त्याला बैलगाडीत घातलं आणि नदीपलीकडच्या वैदिणीकडे नेलं.

वैदीण म्हातारी होती आणि तिच्या काढ्यांपेक्षा तिचं तोंड कडू होतं. तिनं त्याची नाडी पाहिली, डोळे उघडून पाहिले, आणि आतून मोजून थोडी दारू आणून त्याच्या तोंडात घातली.

अक्का किंचाळायचीच बाकी होती. "अहो बाई, त्यानं शपथ घेतलीय."

"शपथ त्यानं घेतली, शरीरानं नाही," वैदीण म्हणाली. "इतक्या दिवसांची सवय एका झटक्यात तोडली तर जीव जाईल याचा. मी रोज थोडी थोडी कमी करीन, माझ्या डोळ्यांसमोर. घरी कुणी हा उद्योग करू नका. आता जा, आणि रडायचं असेल तर बाहेर रडा."

तिनं तसंच केलं. घोट लहान होत गेला आणि एक दिवस बंद झाला. पेज, काढा, झोप. मेहुण्याच्या अंगात जरा जीव आला. गावकरी त्याला न्यायला आले. "बरा झाला की," ते म्हणाले.

"अर्धा," वैदीण म्हणाली, आणि त्यांना परत पाठवलं.

तिचं खरं होतं. दारू गेली तशी तिच्याखाली दबलेली भीती मोकळी झाली. मेहुणा अंगणात येरझाऱ्या घालू लागला. एका दुपारी तो कुंपण ओलांडून पळाला, दारूच्या भट्टीवर गेला आणि प्याला. संध्याकाळी मान खाली घालून परत आला. आता ही हाकलून देणार असं त्याला वाटलं.

"ये," वैदीण म्हणाली. "पेज निवतेय."

तो जेवला. मग तिनं विचारलं, "पहिला घोट घेतलास त्याच्या आधी काय होत होतं तुला?"

हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. सगळे विचारत, का पितोस, कधी सोडणार. त्यानं रिकामी वाटी बाजूला सारली. मग माशीचं सांगितलं, हातभर सुटलेल्या दोराचं सांगितलं, अक्काच्या रडण्याचं, आणि आपण नसतो तर बरं, या विचाराचंही सांगितलं. सांगता सांगता तो ढसाढसा रडला. वैदिणीनं त्याला रडू दिलं.

"हे दुखणं आहे," ती म्हणाली. "ताप येतो तसं. ताप आला म्हणून कुणी तोंड लपवतं का? तो विचार परत आला तर आधी मला हाक मारायची. मग मी झोपलेली असो नाहीतर जेवत असो."

तेव्हापासून रोज तो बोलायचा आणि ती ऐकायची. छाती धडधडू लागली की सावकाश श्वास कसा सोडायचा ते तिनं शिकवलं. मग एक दिवस त्याच्या हातात दोर दिला. आधी तिच्या विहिरीत रिकामी घागर सोडायला लावली, मग भरलेलं पोतं. पुढं तिचा तिरसट बोकड टोपलीत बसवून सोडायला लावला. बोकडानं विहीर डोक्यावर घेतली. मेहुण्याला घाम फुटला, पण त्यानं बोकडाला सुखरूप वर काढलं. वर येताच बोकडानं त्याला ढुशी दिली, आणि मेहुणा कितीतरी महिन्यांनी हसला.

पुढचा हंगाम आला तेव्हा वैदिणीनं त्याला घरी जाऊ दिलं. "भीती गेलेली नाही," तिनं बजावलं. "ती येईल तेव्हा तिचं नाव घे. लपवू नकोस."

गावात सगळे वाटच बघत होते. अक्काला दुसरा भाऊ नव्हता आणि दाजीचा दोर दुसऱ्या कुणी धरायचा नाही, ही रीत. पोळी भरून लोंबत होती. राजवाड्याचा माणूस दर हंगामाचा मध न्यायला येऊन बसला होता.

सकाळी सगळं गाव कड्यावर जमलं. दाजीनं कमरेला दोर बांधला. मेहुण्यानं उंबराला वेढा घातला आणि दोर हातात घेतला. तेवढ्यात त्याचे तळहात ओले झाले. छाती अशी धडधडू लागली की आता फुटते. त्यानं श्वास सावकाश सोडला. परत सोडला. हातांची थरथर थांबेना. समोर दाजी कड्याच्या टोकाला पाठमोरा उभा होता, एक पाय खाली घातलेला.

जवळच्या एका पंचानं ते पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं कमरेला लटकवलेला दारूचा भोपळा काढला आणि हळूच मेहुण्यापुढं धरला. "एकच घोट घे, बाबा. आजच्यापुरता. हात स्थिर होतील."

मेहुण्यानं भोपळा घेतला. वास नाकात गेला आणि त्याचं सगळं अंग त्या भोपळ्याकडे धावलं. एक घोट, की हात थांबतील. दाजी उतरेल, मध येईल, गाव वाहवा करेल. आणि उद्या सकाळी परत तेच. गाव बघत होतं. अक्का बघत होती.

त्यानं भोपळा जमिनीवर ठेवला.

"दाजी, वर या," तो म्हणाला. "कमरेचा दोर सोडा. आज मी धरणार नाही. मला भीती वाटतेय."

राजवाड्याचा माणूस खाकरला. दाजीनं पाय वर घेतला, मागं फिरला आणि कमरेची गाठ सोडू लागला. ती त्याला सुटेना. त्याचेही हात कापत होते.

"गेले दोन हंगाम," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या तोंडाचा वास घेऊनच मी खाली उतरत होतो. रोज वाटायचं, आज परत येत नाही. पण मेहुण्याला विचारायचं कसं? तुझा अपमान झाला असता."

"आणि मी विचारलं असतं तर?" अक्का म्हणाली. "मी नुसती मडकी फोडत बसले." ती पुढं आली आणि भावाच्या मागं उभी राहिली. "उद्या मीही धरीन दोर, ह्याच्या मागं. कुंकू माझं आहे ना, मग हात माझे का नकोत?"

पंच कुरकुरले, पण नाही म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही.

त्या दिवशी मध निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मेहुण्यानं दोर धरला, मागं अक्कानं धरला, आणि दाजी उतरला. राजवाड्यात त्या वर्षी मध कमी गेला. राजानं नाक मुरडलं, दुसरं काही झालं नाही.

मेहुणा पुढं पुष्कळ जगला. त्याची भीती कायमची गेली असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. ती अधूनमधून यायची. एकदा तो परत दारूकडे वळला, आणि मग स्वतःहून नदी ओलांडून वैदिणीकडे गेला. पण त्या कड्यावर तेव्हापासून नवी रीत पडली. दोर बांधण्याआधी उतरणारा दोर धरणाऱ्याला विचारतो, "मन कसं आहे आज?" आणि तो जर म्हणाला, "आज नको," तर कुणी हसत नाही. त्या दिवशी मध निघत नाही, पण ही रीत पडल्यापासून कड्यावरून खाली उतरलेला प्रत्येक जण परत वर आला आहे.

तात्पर्य: दारू सोडवायची असेल, तर ती ज्या दुखण्यावर ओतली जाते, त्या दुखण्याची आधी विचारपूस करावी.