वैरिणीची साक्ष

एका राज्यात खजिन्यावर माणसांचा पहारा नव्हता, नागाचा होता. माणसाला लाच देता येते. नागाला देऊन देऊन काय देणार? कालिंद नावाचा तो म्हातारा नाग तळघरात एकच मणी राखत बसे. मण्याच्या उजेडात आपल्या गेलेल्या माणसाचा चेहरा दिसे, आणि म्हणूनच तो कुणी पाहू नये असा पूर्वजांचा दंडक होता. तो चेहरा एकदा पाहिला की माणसाचे जिवंत माणसांकडे लक्ष राहत नाही, हे त्यांनी भोगले होते.

एके सकाळी मणी नाहीसा झाला आणि कालिंदाचे शेपूट दगडाचे झाले.

मणी घडवणाऱ्या मांत्रिकाचा तो जुना शाप होता. मणी गेला तर राखणदार शेपटापासून दगड होत जाईल आणि दिवस मावळता त्याचा फणाही दगड होईल. मात्र आळ खोटा असेल, तर वैऱ्याने भर दरबारात खरे सांगताच शाप सुटेल. त्यावरून राज्यात रीतच पडली होती, की ज्याच्यावर आळ, त्याचा तपास त्याच्या वैऱ्याने करायचा. वैरी कशाला कुणाची गय करील?

राजा सुकेतूने घाईघाईने पिंगळी मुंगसिणीला बोलावले. राज्यातले अवघड तपास तीच करी, सोबतीला ताम्रा नावाचा भारद्वाज पक्षी. पण या खेपेला दरबारात कुजबूज झाली. पिंगळीचे एकुलते पिल्लू मागल्या उन्हाळ्यात याच नागाने मारले होते. आता कालिंद वाचत नाही, असे सगळ्यांनी धरले. खोटे कशाला बोलू, पिंगळीनेही तेच धरले होते, आणि तळघराच्या पायऱ्या उतरताना तिचे मन बरेच हलके होते.

कालिंद अर्धा दगड झाला होता.

"चोर कोण?" तिने विचारले.

"सांगणार नाही."

"मरशील."

"मरेन."

मग पिंगळी रीतीप्रमाणे तपासाला लागली. आधी भूमीला विचारायचे, मग वाऱ्याला, मग पाण्याला.

भूमीवर धूळ होती. परका कुणी आला असता तर नाग उसळला असता, धूळ विस्कटली असती. तिथे तसले काही नव्हते. एका जागी फक्त फण्याचा ठसा होता, जमिनीला टेकलेला.  नागाची जात पिंगळीला पुरती ठाऊक होती. ज्याचे मीठ खाल्ले, त्याच्यापुढेच तो असा फणा टेकवतो, आणि त्याचे नाव मरेपर्यंत घेत नाही.

वाऱ्याला विचारायला ताम्रा उडाला. दुपार कलताना तो परतला आणि म्हणाला, की आज पहाटे राणीच्या बारवेत चांदणे पडले होते, आणि आभाळात चंद्र नव्हता. राणी वारल्यापासून त्या विहिरीकडे कुणी फिरकत नसे.

पिंगळी बारवेत उतरली. तिथल्या पाण्यात एक वयोवृद्ध कासव राहत होते. त्याने सांगितले, की पहाटे एक माणूस अनवाणी आला होता, पण मुकुट घालून. शेवटच्या पायरीवर बसून तो पोटभर रडला आणि कोनाड्यात काहीतरी ठेवून गेला.

पिंगळीने कोनाड्यात डोकावले. आत मणी होता आणि त्याच्या उजेडात तिचे पिल्लू बसले होते. कान तसेच, नाकावरची माती तशीच. ते तिच्याकडे बघत होते. 

ऊन पायऱ्या चढून वर चालले होते. तिने काहीच करायचे नव्हते, नुसते इथे बसून राहायचे होते. दिवस मावळला असता, पिल्लाला मारणारा दगड झाला असता आणि तिला कुणी बोलही लावला नसता. राजाने तरी तिला दुसऱ्या कशासाठी निवडले होते?

ती बसली. किती वेळ बसली, ते तिलाही कळले नाही. वरून ताम्रा हाका मारत होता. शेवटी तिने डोळे मिटले, चाचपडत मणी तोंडात धरला आणि धावत सुटली.

दरबारात कालिंदाचे दगडी अंग आणून ठेवले होते. फण्याचे टोक तेवढे हलत होते. पिंगळीने मणी सिंहासनापुढे ठेवला.

"नाग निर्दोष आहे," ती म्हणाली. "मणी महाराजांनी नेला."

कालिंदाच्या दगडी अंगाला पहिला तडा गेला.  सुकेतू म्हणाला, "मला तिचा चेहरा आठवेनासा झाला होता."

तो सिंहासनावरून उतरला, सगळ्यांदेखत कालिंदापुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने क्षमा मागितली. तोवर दगडाचे तडे अंगभर पसरले होते. आतून ओले, काळे, जिवंत अंग बाहेर आले. राजाने मणी फडक्यात गुंडाळून स्वतः तळघरात नेऊन ठेवला. राणी वारल्यापासून त्याने प्रजेची गाऱ्हाणी ऐकणे सोडले होते; त्या दिवसापासून तो ती पुन्हा ऐकू लागला.

पिंगळी निघाली, तेव्हा कालिंद सरपटत वेशीपर्यंत तिच्यामागे आला.

"मी तुझे पिल्लू मारले," तो म्हणाला. "तरी?"

"ते वैर माझे आहे," पिंगळी म्हणाली. "तपास राज्याचा होता. उद्या शेताच्या बांधावर दिसलास, तर सोडणार नाही."

"दिसणार नाही," कालिंद म्हणाला.

ती वेशीबाहेर पडली. आपल्या बिळाशी पोचेपर्यंत तिने रडू आवरून धरले.