हिराजीआबांनी कार्बन मोजला

खाडीकाठच्या एका गावात एक भोळे आबा होते. नाव हिराजी. सांगाल तेवढंच करायचे आणि सांगाल तसंच करायचे.

गावची तिवरं, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं, तोडून तिथे कोळंबीचं तळं करायचं घाटत होतं. तिवरांच्या खोडात आणि खालच्या चिखलात किती कार्बन साठलाय, हे महिन्याभरात मोजून दाखवलं तरच ती वाचणार होती. शेजारची केतकी कॉलेजात हेच शिकली होती. पण गावकीतली जाणती मंडळी म्हणाली, "एकट्या पोरीला काय जमणार? सोबत मोठं माणूस हवं."

मोठं माणूस म्हणून हिराजीआबा गेले.

पहिल्या दिवशी केतकी म्हणाली, "आबा, झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजा."

रोपटं होतं वीतभर. आबा चिखलात पालथे झोपले आणि छातीशी टेप धरला.

"अहो आबा! लहान असेल ते सोडून द्यायचं!"

"असं होय? लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी चिखलात नळी ठोकून माती काढली. केतकीने तिचे बोटभर तुकडे केले. आबांनी बघितलं, तुकडे लहान आहेत. सगळे खाडीत सोडून दिले.

"आबा! नळीतून निघेल ते पिशवीत भरायचं, वर नंबर घालायचा!"

"असं होय? लक्षात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी नळीतून खेकडा निघाला. आबांनी पिशवीत भरला. वर नंबर घातला. सतरा.

केतकीने कपाळाला हात लावला. "अहो, तपासायचं तरी! आता बघा. आधी मातीचं वजन करायचं. मग ती भट्टीत जाळायची. मग राखेचं वजन. जेवढं जळून गेलं, त्यावरून कार्बन कळतो. तपासणी म्हणतात ती ही!"

"असं होय? लक्षात ठेवतो."

कशीबशी मोजणी संपली. सगळे आकडे वहीत उतरले. मोजणी बघायला वनखात्याचे साहेब येणार त्या दिवशी केतकी त्यांना आणायला जेट्टीवर निघाली. जाताना म्हणाली, "आबा, ही एकच वही आहे. मी येईपर्यंत एकदा तपासून ठेवा."

साहेब आले. जाणती मंडळी पुढच्या खुर्च्या धरून बसली.

"आबा, वही द्या," केतकी म्हणाली.

आबांनी बशीभर राख पुढे केली.

"तपासली, साहेब. वही चारशे ग्रॅम, राख चाळीस. मातीतलं शंभरात दहाच जळालं होतं. वहीतलं नव्वद!" मग ते केतकीकडे वळले. "पोरी, उगाच महिनाभर चिखलात घातलंस. तोडा ती तिवरं, साहेब. तिथे वह्या लावा."