दिवेलागणीनंतरचं विरजण

एकदा एका शिष्याला शहरात नोकरी लागली, आणि त्याच्या गुरुजींना अचानक विरजणाची गरज पडली. आता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. शिष्यानेही तेच विचारले होते. गुरुजींनी उत्तर दिले नाही, कारण उत्तर देण्यापेक्षा शिष्याला पायी हिंडवण्यावर त्यांचा विश्वास अधिक होता.

शिष्याचे नाव श्रीरंग. नदीकाठच्या एका लहान गावात व्यंकटेशशास्त्री नावाचे वृद्ध पंडित संस्कृत शिकवीत, त्यांच्यापाशी तो लहानाचा मोठा झाला. गुरुजी स्वभावाने शांत. पण शांत म्हणजे गरीब नव्हेत हो! कोणाचा उच्चार चुकला तर भर पंगतीत, हातातला घास खाली ठेवून दुरुस्त करणारे. श्रीरंगाला शहरातल्या एका कॉलेजात संस्कृत शिकवण्याची जागा मिळाली, तेव्हा गावभर पेढे वाटले ते श्रीरंगाने नव्हे, गुरुजींनी.

श्रीरंगाच्या स्वतःच्या घरात मात्र तो पेढा तसाच ताटलीत पडून राहिला. वर्षापूर्वी त्याची लेक तापाने गेली होती. नुकती कुठे बोबडे बोलू लागलेली पोर. तेव्हापासून त्याची पत्नी वासंती गप्प झाली. ती रडत नसे, चिडत नसे. पुढे वाढलेले जेवायची, नीज म्हटले की निजायची, आणि उरलेला वेळ खिडकीशी बसून राहायची. शहरात नेली तर सावरेल असे श्रीरंगाला वाटत होते. आणि नाही सावरली तर? त्यापुढचा विचार तो करायचा टाळत असे. आई गाव सोडून येणार नव्हती; तो दिवसभर कॉलेजात असणार आणि ती दिवसभर परक्या घरात एकटी. म्हणून घर कुठल्या वस्तीत घ्यायचे, या एका प्रश्नाने त्याची झोप उडाली होती.

"गुरुजी, जागा बघायला तुम्ही चला माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तुमची नजर पडली म्हणजे मला धीर येईल."

"येतो की. मलाही थोडं विरजण हवंच आहे."

"विरजण? त्यासाठी शहरात?"

"हो."

"बरं, मग एखादी वाटी घेऊ बरोबर?"

"वाटी नको," गुरुजी म्हणाले, आणि चपला पायात सरकवून चालू लागले.

पहिली वस्ती कॉलेजच्या अगदी समोर होती. उंच इमारती, मोठे फाटक, आत कातरलेली हिरवळ, आणि भर दुपारी पान हलले तरी ऐकू यावे अशी शांतता. श्रीरंगाला ती जागा पाहताक्षणीच पसंत पडली.

"मधल्या सुट्टीत घरी येऊन तिला बघून जाता येईल," तो उत्साहाने सांगू लागला. "आणि मुख्य म्हणजे इथं कोणी कोणाच्या अध्यात ना मध्यात. गावात बायका तोंड वर करून विचारतात, 'आता दुसरं कधी?' इथं तिला कोणी काही म्हणजे काही विचारणार नाही."

गुरुजींनी मान डोलावली आणि सरळ पहारेकऱ्यापाशी गेले. "दादा, यातल्या कुठल्याही एका घरात विचारता का? थोडं विरजण हवं होतं."

पहारेकरी सज्जन माणूस. त्याने बटण दाबले. यंत्रातून बाईंचा आवाज आला, "कोण आहे?"

"मॅडम, एक आजोबा आलेत. विरजण म्हणताहेत."

"आम्ही काही मागवलेलं नाही. दुसऱ्या फ्लॅटचं असेल, नीट बघा."

श्रीरंगाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पहारेकऱ्याने सहानुभूतीने कोपऱ्यावरची डेअरी दाखवली. गुरुजींनी त्याचे आभार मानले आणि ते निघाले.

दुसरी वस्ती थोडी लांब, पण देखणी. ओळीने बैठी घरे, दारादारात तुळस आणि जास्वंद. गुरुजींनी एका घराची घंटा वाजवली. हसतमुख तरुण गृहिणीने दार उघडले.

"अय्या, विरजण? थांबा हं आजोबा, देते की!" ती आत गेली आणि झाकणाचा प्लास्टिकचा डबा गच्च भरून दही घेऊन आली.

"अहो, एवढं कशाला? चमचाभर पुरे," गुरुजी म्हणाले. "आणि हा डबा उद्या आणून द्यायचा म्हणजे..."

"छे छे, डबा परत आणायची मुळीच तसदी घेऊ नका. असे ढीगभर पडलेत घरात. उन्हाचं जपून जा हं." तिने गोड हसून दार लावून घेतले.

श्रीरंगाला हायसे वाटले. "मिळालं एकदाचं! किती चांगली माणसं आहेत, गुरुजी. इथंच घेऊ या घर."

"चांगली आहेत खरी," गुरुजी म्हणाले. मग ते रस्त्याकडेच्या बाकावर बसले, पिशवीतून घरून आणलेल्या पोळ्या काढल्या, आणि ते सगळे दही त्यांनी शिष्याबरोबर पोळीशी खाऊन टाकले. डबा नळावर विसळून त्यांनी पिशवीत ठेवला. "दही छान होतं. चल, विरजण बघायला हवं."

श्रीरंगाने कपाळाला हात लावला, मनातल्या मनात. गुरूसमोर उघड कसा लावणार?

तिसऱ्या जागेचा पत्ता त्याने उगाच, संख्या भरावी म्हणून बरोबर घेतला होता. कॉलेजपासून बसने चांगलेच लांब, भाजीमंडईच्या मागे, जुन्या वळणाची दुमजली इमारत. सगळ्या खोल्यांपुढून जाणारी एकच सामाईक गॅलरी. दोघे पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. कुठे कुकरच्या शिट्या, कुठे टीव्ही, कुठे पाढे म्हणून घेणाऱ्या आईचा चढलेला आवाज. दारे सताड उघडी. श्रीरंगाला वाटले, इथे वासंतीला क्षणाची उसंत मिळायची नाही.

जिन्याजवळच्या खोलीत सत्तरीच्या एक बाई देवापुढे निरांजन लावून नुकत्याच उठत होत्या. त्यांना सगळे द्वारकाकाकू म्हणत, हे नंतर कळले.

"बाई, थोडं विरजण मिळेल का?" गुरुजींनी दारातून विचारले.

"नाही मिळायचं," काकू म्हणाल्या. "दिवा लावला मी आत्ताच. दिवेलागणीनंतर आम्ही दही-दूध घराबाहेर देत नाही. सकाळी या."

झाले! इतक्या लांब येऊन हे. श्रीरंग हिरमुसून वळला.

"अहो, निघालात कुठं?" काकूंनी त्याला हटकले. "चांगले ताडमाड उंच आहात. त्या वरच्या फळीवरचं पातेलं काढून द्या मला. सकाळपासून वाट बघतेय, कोणी उंच माणूस जातोय का दारावरून."

श्रीरंगाने मुकाट्याने पातेले काढून दिले. काकूंनी त्यातली धूळ त्याच्याच अंगावर फुंकली आणि चौकशी सुरू केली. कोणाकडे आलात? वरची रिकामी जागा बघायला? बरं, घरी कोण कोण? बायको काय करते?

श्रीरंग अंगावरची धूळ झटकू लागला. शेवटी गुरुजीच म्हणाले, "याची लेक गेली गेल्या वर्षी. सूनबाई तेव्हापासून फारशी बोलत नाही."

काकूंचा हात पातेल्यावर थांबला. त्यांनी ते खाली ठेवले. मग म्हणाल्या, "भाकरी येते का तिला?"

"येते. दहीही फार सुरेख लावायची," गुरुजी म्हणाले.

"मग पाठवून द्या खाली. माझं मनगट दुखतं मेलं, भाकरी थापवत नाही. माझ्या सुनेच्या भाकरीला तर चक्कीचा पट्टा म्हणावं. येऊ दे तिला, बघू या."

श्रीरंगाचे डोके तडकले. इमारतीबाहेर पडेपर्यंत त्याने कसाबसा धीर धरला, आणि बसथांब्यावर पोचताच तो म्हणाला, "काय बाई आहे ही! चमचाभर विरजण दिलं नाही, वर माझ्याकडून काम करून घेतलं. आणि पोर गेलेल्या बाईला म्हणे भाकऱ्या थापायला पाठवा!"

"ही जागा घे," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी!"

"बैस इथं." गुरुजींनी थांब्याच्या कठड्यावर त्याला शेजारी बसवले. "वासंतीचं विरजण आठवतं तुला? आपल्या आळीतल्या निम्म्या घरांत तिच्या विरजणाचं दही लागायचं. रोज कोणी ना कोणी वाटी घेऊन दारात उभं. पोर गेली आणि लोक यायचे थांबले. 'तिला कशाला त्रास' म्हणून. चांगल्या मनानंच थांबले. मीसुद्धा थांबलो. तुझ्या आईनं तिला चुलीपाशी फिरकू दिलं नाही, तू तिच्या हातात पाण्याचा पेला नेऊन देऊ लागलास. वर्षभर आपण सगळे तिला नुसतं देतो आहोत, श्रीरंगा. तिच्याकडे मागत कोणीच नाही. ज्याच्याकडे कोणी काही मागत नाही, तो आपल्याच घरात पाहुणा होतो रे. आणि पाहुण्याचं लक्ष जायच्या वाटेकडे असतं."

जो विचार श्रीरंग वर्षभर टाळत होता, तो असा उघड्यावर मांडला गेला.

"त्या दुपारच्या मुलीनं डबाभर दही दिलं," गुरुजी पुढे म्हणाले. "मनाची चांगली आहे ती. पण परत आणू नका म्हणाली, तेव्हा पुन्हा तिच्या दारात जायला आपल्याला निमित्त उरलं नाही. वाटी नको म्हणालो ते यासाठीच. कोणाच्या वाटीत विरजण मिळालं तर ती परत करायला जावं लागतं, मग त्या घरचं माणूसही कधी आपल्या दारी येतं. जिन्याजवळच्या त्या बाईंनी आज आपल्याला काही दिलं नाही हे खरं. पण तुझी उंची त्यांच्या कामी आली, आणि सूनबाईला न बघताच त्यांनी तिच्यासाठी काम काढून ठेवलं. तिथं तिला कोणी पाहुणी होऊ द्यायचं नाही."

श्रीरंग आठवू लागला. वर्षभरात आपण वासंतीकडे काय मागितले? शर्टाचे बटण तुटले तर शेजारच्या शिंप्याकडे दिले. भूक लागली तर स्वतः वाढून घेतले. याला आपण प्रेम समजत होतो. त्याला एकही गोष्ट आठवली नाही, आणि त्या गजबजलेल्या बसथांब्यावर त्याला रडू कोसळले. गुरुजींनी बस येईपर्यंत त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

पुढचा महिना उजाडल्यावर श्रीरंग आणि वासंती मंडईमागच्या त्या जागेत राहायला आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी द्वारकाकाकू स्टीलची वाटी घेऊन दारात हजर.

"सकाळी या म्हटलं होतं ना तुमच्या गुरुजींना? आले नाहीत ते नाहीतच. घे गं, विरजण. आणि वाटी मला परत हवी हं, पण रिकामी आणायची नाही."

सवयीने श्रीरंग वाटी घ्यायला उठला. मग त्याला काही आठवले आणि तो पुन्हा खाली बसला. वासंतीने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि स्वतः पुढे होऊन वाटी घेतली.

"मला संध्याकाळी ताक करशील का?" श्रीरंगाने विचारले.

"करते," ती म्हणाली.

एवढ्याने सारे बदलले असे मी सांगणार नाही; माणसाचे मन काही दह्यासारखे रात्रीतून लागत नाही. कित्येक दिवस ती पूर्वीसारखीच खिडकीशी बसे. पण खालून हाक येई, "वासंती, भाकऱ्या राहिल्यात गं!" आणि तिला उठावे लागे. काकू नावे ठेवत, भाकरीला पापुद्रा सुटला नाही म्हणत, आणि एके दिवशी वासंती चक्क तणतणत वर आली. "एवढं असेल तर स्वतः थापाव्यात ना!" वर्षभरानंतर ती कोणावर तरी रागावली होती. श्रीरंगाने पुस्तकात तोंड लपवले, कारण त्याला आनंद आवरेना.

आणि मग एका संध्याकाळी तो कॉलेजातून परतला तर काकू त्याच्याच दारात रिकामी वाटी घेऊन उभ्या होत्या.

"वासंती, विरजण दे गं थोडं. माझ्या सुनेनं सगळं दही कढीत घातलं."

आत देवापुढचा दिवा लागलेला होता. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आता नाही मिळायचं, काकू. दिवा लावला मी. सकाळी या."

काकूंनी कमरेवर हात ठेवला. "अगं माझे बाई! माझंच विरजण, आणि मलाच?"

आत वासंती हसली. आधी दबके, मग न आवरून, अगदी मोकळे. काकूही दाराचा आधार घेऊन हसू लागल्या. श्रीरंग जिन्याच्या वरच्या पायरीवर तसाच उभा राहिला. ते हसू संपेपर्यंत त्याला आत पाऊल टाकवेना.

त्याने लगेच गुरुजींना फोन लावला आणि शब्द न शब्द सांगितला. गुरुजी म्हणाले, "तिला माझा एक निरोप सांग. म्हणावं, आमच्याकडचं दही वर्षभर काही मनासारखं लागलेलं नाही. पुढच्या वेळी गावाकडे याल, तेव्हा तिचं विरजण घेऊन ये म्हणावं. मी वाटी घेऊन दारात येईन."